सत्त्याऐंशी नंबरची म्हैस

"काकू, एक्केचाळीस चोर सापडले," असं म्हणून आफ्रीननं स्क्रीन माझ्याकडे वळवला.

शनिवारची दुपार होती. कॉलेजच्या कम्प्युटर लॅबमध्ये आम्ही दोघीच. बाकीचा वर्ग वडापाव खायला गेला होता. आफ्रीन मुजावर मिरजेची, बावीस वर्षांची. तिची बोटं कीबोर्डवर पावसाच्या सरीसारखी पडायची. मी पद्मा मगदूम, त्रेचाळीस संपलेली. मी एकेक अक्षर शोधून, त्याची विचारपूस करून मग दाबायची. लेखाशास्त्र आणि डेटा विश्लेषण असा जोडनावाचा नवा एम.कॉम. आमच्या सांगलीत निघाला, त्याचं ते शेवटचं सत्र. प्रकल्पासाठी निरगुडे सरांनी जोड्या लावल्या तेव्हा आम्हा दोघींकडे बघून ते म्हणाले होते, "एकीला कोडिंग येतं, एकीला जमाखर्च. दोघी मिळून एक विद्यार्थी होईल."

"कसले चोर?" मी विचारलं.

"दूधचोर. हा बारा नंबर बघा. वर्षभर रोज सहा-सात लिटर. मग कमी कमी होत एकदम शून्य. तीन महिने शून्य. आणि मग परत एकदम नऊ. म्हणजे मधले तीन महिने बाईनं दूध दुसरीकडे विकलं. असे एक्केचाळीस सभासद आहेत."

मी पाणी पीत होते ते ठसक्यानं नाकात गेलं.

"अगं, म्हैस आटली."

"म्हणजे?"

"गाभण होती. दिवस भरत आले की दूध बंद होतं. व्याली की परत सुरू."

आफ्रीननं माझ्याकडे संशयानं पाहिलं. "दर वेळी?"

"दर वेळी. बारा महिने द्यायचंय असं तिला कुणी सांगितलेलं नसतं."

"मला वाटायचं, म्हैस चालूच असते."

"पिशवीचं दूध पिणाऱ्या सगळ्यांनाच तसं वाटतं, बाळ."

ती खट्टू झाली. दूध संघानं आम्हाला पाच महिला दूध संस्थांची चार वर्षांची माहिती दिली होती. रोज दोन वेळा, प्रत्येक सभासदाचं माप आणि फॅट. चौदा लाखांवर ओळी. त्यातून गैरव्यवहार हुडकणारी पद्धत बसवायची, हा आमचा प्रकल्प. आफ्रीननं तीन आठवडे खपून ती बसवली होती, आणि तिनं एक्केचाळीस गाभण म्हशी पकडल्या होत्या.

मला तिची कीव आली. मग एकदम डोक्यात आलं.

"उलटं विचार ना त्याला. जिची एकच म्हैस आहे आणि जी चार वर्षांत एकदाही आटली नाही, अशी कोण आहे?"

टकटक झाली. स्क्रीनवर एकच ओळ आली. तांबवडे महिला दूध संस्था, नंबर सत्त्याऐंशी, आक्काताई ऐनापुरे, म्हैस एक.

रोज सकाळी सात लिटर. संध्याकाळी काही नाही. उन्हाळा असो, दिवाळी असो, सात म्हणजे सात. बाकीच्यांच्या रेघा डोंगरासारख्या चढत-उतरत होत्या. हिची शेणानं सारवलेल्या अंगणासारखी सपाट. फॅट थोडी वरखाली व्हायची, माप कधीच नाही. फक्त दर जानेवारीत आठ दिवस शून्य. नवव्या दिवशी पुन्हा सात.

"आठ दिवसांत आटून परत येते?" आता आफ्रीनला विषय कळला होता.

"आटली नाही गं. रजेवर गेली. सरकारी नोकरीत असणार ही म्हैस."

आम्ही दोघी हसलो. पण माझ्या छातीत काहीतरी धडधडायला लागलं होतं. ही म्हैस खरी नव्हती. कुणीतरी खोट्या सभासदाच्या नावावर रोज सात लिटर दूध ओतत होतं, आणि ते मी पकडलं होतं, मशीननं नाही.

हे धडधडणं समजायचं तर माझी खुर्ची समजून घ्यायला हवी. रावळसाहेबांच्या सीए ऑफिसात मी अठरा वर्षं हिशेब लिहीत होते. बी.कॉम. लग्नानंतर बाहेरून केलं. टॅली शिकले ती शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या खांद्यावरून बघून, आणि एक्सेल शिकले कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर कमांड लिहून. आदल्या वर्षी रावळसाहेब म्हणाले, "मगदूमबाई, आता गिऱ्हाईक डेटावाला माणूस मागतंय. तुम्ही तो कोर्स केलात तर ही खुर्ची तुमची. नाहीतर जूनमध्ये मला नवीन माणूस घ्यावा लागेल." अगदी सौम्यपणे म्हणाले. कडक बोलले असते तर रडून मोकळी झाले असते. पहिल्या सत्रात संख्याशास्त्रात नापास झाले. दुसऱ्या खेपेला चाळीस मिळाले. चाळीसच लागत होते. आता सगळी मदार प्रकल्पावर.

आणि मी चूक केली. अठरा वर्षांत जी कधी केली नव्हती ती. आमच्या धंद्यात व्हाउचर डोळ्यांनी बघितल्याशिवाय शेरा मारायचा नसतो. मी त्याच संध्याकाळी प्रकल्पाच्या सिनॉप्सिसमध्ये ठळक अक्षरात लिहिलं, 'एका संस्थेत बनावट सभासद आढळला.' संस्थेचं नाव नियमाप्रमाणे गाळलं होतं, पण निरगुडे सर वाचून इतके खूश झाले की त्यांनी त्याची प्रत थेट संघाचे उपव्यवस्थापक अथणेसाहेबांना पाठवली. तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक म्हणून तेच येणार होते.

"साहेबांचा निरोप आलाय," सर चार दिवसांनी म्हणाले. "अंतिम अहवालाची वाट बघतायत. संस्थेची सेक्रेटरी गुंतलेली निघाली तर जागेवरून काढणार म्हणाले. मगदूम, तुम्ही कॉलेजचं नाव काढलंत."

तेव्हा मला पहिल्यांदा सुचलं, की सेक्रेटरी नावाची कुणी जिवंत बाई असते.

पुढच्या रविवारी पहाटेच्या एसटीनं आफ्रीनला घेऊन मी तांबवड्याला गेले. डेअरी म्हणजे समाजमंदिराशेजारची एक खोली. दाराशी वजनकाटा, आत फॅट काढायचं मशीन आणि टेबलामागं चाळिशीतली, ठसठशीत कुंकवाची एक बाई. तीच सेक्रेटरी, मालन खोत. रांगेत पंचवीसेक बायका किटल्या घेऊन उभ्या.

आम्ही 'कॉलेजकडून आलोय, बघायला' एवढंच सांगितलं आणि भिंतीला टेकून उभ्या राहिलो. लपवाछपवी कशी चालते ते बघायचं होतं. लपवाछपवी कसली? काही बायका मापाला किटली देण्याआधी दाराशी ठेवलेल्या एका मोठ्या कॅनमध्ये अर्ध्या लिटरचं माप भरून ओतायच्या, मालनताई वहीत टीक करायच्या, आणि मग उरलेलं दूध काट्यावर जायचं. सगळ्यांसमोर, सासवासुनांच्या गप्पा मारत. मी मोजलं. चौदा बायकांनी ओतलं. शेवटी एक सत्तरीची, वाकलेली म्हातारी रिकाम्या हातानं आली. मालनताईंनी तो कॅन काट्यावर ठेवला.

"सत्त्याऐंशी. सात लिटर," त्या म्हणाल्या.

"सातच?" म्हातारीनं विचारलं. "मला वाटलं आज बारा दिली आसंल म्हशीनं. रातभर हंबरत हुती."

सगळ्या बायका हसल्या. म्हातारीला म्हैस नाही, हे गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं.

गर्दी पांगल्यावर मी मालनताईंसमोर आमचा कागद ठेवला. त्यावरची सपाट रेघ. काय ते सगळं सांगितलं. सिनॉप्सिस, संघ, अथणेसाहेब. सांगताना माझी मान खाली जात होती. चोरी पकडायला गेलेल्याची मान खाली जाते, हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

मालनताईंनी रेघेवरून बोट फिरवलं. मग कपाळावर हात मारला.

"आगं आई. आटवायची राह्यली की. आक्कात्या, बघा हे. म्हशी राखून केसं पांढरी झाली आमची, आन् हे ध्यानात आलं न्हाई."

"कशी येणार?" म्हातारी, म्हणजे आक्काताई, पायरीवर बसत म्हणाली. "माझी म्हस मरून सात वर्सं झाली. मेलेली आणि कशी आटंल?"

"पण कमी-जास्त तरी व्हायला हवं होतं," आफ्रीन म्हणाली. तिला रेघेचा अजून राग होता. "कुणाचं दूध बंद झालं की?"

"तर ती शेजारणीचं उसनं घेती आन् व्याल्यावर फेडती," मालनताई म्हणाल्या. "वहीत हाय सगळं. एकीचं जास्त गेलं, एकीचं कमी गेलं, तर भांडणं लागत्यात. म्हणून सात म्हंजे सात."

म्हणजे प्रामाणिक होत्या म्हणून सापडल्या. चार वर्षं अर्धं माप कुणी चुकवलं असतं, तर आमची रेघ हलली असती आणि आम्हाला काही कळलं नसतं.

"पण कशासाठी हे?" मी विचारलं.

चौदाजणींपैकी तिघी-चौघी रेंगाळल्या होत्या. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. मालनताईंनी दार लोटून घेतलं.

"बाई, बिल बँकेत येतंय आमच्या नावावर. खरं, कार्ड ह्येंच्या खिशात असतंय. मापावर चढलं की दूध गेलं घरात. मापाआदी अर्धा लिटर आमचा. आक्कात्याच्या घरात बाप्या न्हाई, त्यांचं बुक त्यांच्याच पिशवीत. वर्साला साठतंय. जानेवारीत आमी जातो."

"कुठं?"

"पैल्या साली कन्याकुमारी. मग हंपी, मग द्वारका. गेल्या साली जगन्नाथपुरी," आक्काताईंनी बोटं मोडली. "औंदा अमृतसर. तिकिटं काढल्यात."

"घरी काय सांगता?"

एक तरुण सून पदराआडून म्हणाली, "संघाचं शिबिर. दुग्धव्यवसाय प्रशिक्षण. आठ दिवस."

आफ्रीन खुर्चीवरून पडायची बाकी राहिली.

"खोटं न्हाई काय ते," आक्काताई म्हणाल्या. "भित्तीवरची संघाची पत्रकं काढून नेतो. गाडीत ह्यी पोरगी मोठ्यानं वाचून दावती. कासदाह का फिसदाह. घरी आल्यावर दोन दिस नवऱ्याफुडं त्येच बोलायचं. तिसऱ्या दिवशी त्योच म्हंतो, बास कर."

"आणि आठ दिवस धार कोण काढतं?"

"काढत्यात की. बाप्ये." मालनताईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा खरं हसू आलं. "म्हशी लाथा घालत्यात त्येंस्नी. निम्मं दूध कासंतच चोरत्यात. म्हस वळख धरती ना. आन् बाई, सांगू का, आठ दिवस स्वतः धार काढली की बाप्याला कळतंय पेंड किती लागती. एरवी म्हनायचे, कशाला एवढी पेंड, वैरण घाल. जानेवारीनंतर गुमान पोतं आणून टाकत्यात."

मग त्या गंभीर झाल्या. कागदाची घडी घालून मला परत दिली.

"तुमी शिकलेल्या. तुमास्नी लिवावं लागंल. माझी जागा जाईल, जाऊंदे. मी दुसऱ्याच्या रानात भांगलायला जाईन. खरं, ह्या चौदाजणींच्या घरात कळलं, तर फुडं डेअरीपत्तुर सुदीक कोण येऊ देणार न्हाई."

त्यांनी वही माझ्याकडे दिली. "बघा. नावं तेवढी कुठं घालू नगासा."

मी ती वही तिथंच, पायरीवर बसून तपासली. संध्याकाळच्या एसटीपर्यंत. चार वर्षं, रोजची चौदा टिकं, उसनवारीचे बाण, परतफेडीच्या फुल्या. आफ्रीननं लॅपटॉपवर मेळ घातला. फरक आला साडेतीन लिटरचा, आणि त्याच्यापुढं मालनताईंच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'मांजरानं कॅन लवंडला.'

परतीच्या एसटीत आफ्रीननं लॅपटॉप मिटला.

"काकू, आपण नंबर बदलून दुसरी केस दाखवू. दुसरा प्रकल्प करू."

"सिनॉप्सिस साहेबांकडे आहे. आणि खोटी केस मी लिहिणार नाही."

"मग खरी लिहिणार?"

"खरीच लिहीन. सगळी नाही."

"हे कुठल्या पेपरात होतं आपल्याला?"

"अजून नसेल," मी म्हणाले. पण सांगलीचं स्टँड येईपर्यंत मी दोन्ही बाजूंचा हिशेब मांडत होते. अपुरा निष्कर्ष म्हणून साहेबांनी नापास केलं, तर जूनमध्ये माझ्या खुर्चीत दुसरं कुणी बसणार. आणि पुरा निष्कर्ष लिहिला, तर चौदाजणी घरात.

अहवाल मी चार वेळा लिहिला. त्यात म्हटलं: एका क्रमांकावर चौदा सभासदांचे दूध जमा होते. हे पोटनियमाविरुद्ध आहे. प्रत्येक दूध देणारीला ते माहीत आहे व तिची संमती आहे. मूळ वहीशी मेळ घेतला असता संस्थेचे वा कोणा सभासदाचे नुकसान आढळले नाही. हा क्रमांक गटाच्या नावे करून घेतल्यास दोष दूर होईल. नावे न देण्याच्या अटीवर वही पाहावयास मिळाली. बस. आफ्रीननं मागच्या भागात पाच संस्थांच्या फॅटचे आलेख टाकले होते, सजावटीला. प्रकल्प जाडजूड दिसावा म्हणून मी ते राहू दिले.

तोंडी परीक्षा जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आली. तांबवड्याच्या बायका चार दिवसांपूर्वीच अमृतसरला गेल्या होत्या.

अथणेसाहेब बारीक, पंचावन्नचे, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. अहवाल त्यांनी खरोखर वाचला होता; पानापानाला पेन्सिलीच्या खुणा. निरगुडे सर शेजारी बसून सारखे हसत होते.

"सिनॉप्सिसमध्ये 'बनावट सभासद' होता," साहेब म्हणाले. "अहवालात तो दिसत नाही. कुठं गेला?"

"तपासल्यावर टिकला नाही, सर. मी न बघता लिहिलं होतं. चूक माझी."

"हं. संस्था कोणती?"

"ते अहवालात नाही."

"ते वाचलं मी. म्हणून तर विचारतोय."

"ज्यांचं दूध आहे त्यांना मी शब्द दिलाय."

निरगुडे सरांचं हसू विझलं. "मगदूम, साहेब संघाचे अधिकारी आहेत. माहिती त्यांचीच आहे."

"मी ऑफिसात गेलो की पाच मिनिटांत काढीन," साहेब म्हणाले.

"काढू शकता, सर. पण मग ते तुमचं शोधणं झालं. माझं सांगणं नाही."

टेबलाखाली आफ्रीननं तिची चप्पल माझ्या चपलेवर दाबून धरली.

साहेब पानं उलटायला लागले. "नाव न देता निष्कर्ष म्हणजे मीठ न घालता भाजी. मार्क कापावे लागतील. किती, ते बघू." मग एका पानावर थांबले. "हा आलेख चांगला आहे. ह्या एकाच संस्थेची फॅट दर वर्षी फेब्रुवारीपासून वाढते आणि मे-जूनपर्यंत टिकते. बाकीच्या चारींची नाही. चारा तोच, पाणी तेच. कशामुळं?"

"शिबिरामुळं," आफ्रीन म्हणाली. म्हणाली आणि तोंडावर हात ठेवला.

"कसलं शिबिर?"

माझ्या डोळ्यांसमोर दार लोटून घेतलेली ती डेअरी आली. खोटं येत नव्हतं आणि खरं बोलायचं नव्हतं.

तेवढ्यात टेबलावर साहेबांचा फोन थरथरला. त्यांनी नंबर बघितला, कपाळाला आठ्या घातल्या आणि सवयीनं उचलला.

"हां, अथणे बोलतोय... हो, हो... आठ दिवसांचं आहे ना. अजून चार दिवस... नाही, तिकडं रेंज नसते... जेवणाची सोय उत्तम असते. काळजी करू नका... म्हैस लाथ मारते त्याला मी काय करू? चुचकारा तिला."

फोन ठेवला. अहवालातल्या आलेखाकडे पाहिलं. मग माझ्याकडे, मग आफ्रीनकडे. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"निरगुडे, चहा मिळेल का?"

सर स्वतःच उठून गेले. दार लागल्यावर साहेब हळू आवाजात म्हणाले, "आमच्या पत्रकांवर खाली माझा नंबर असतो. पाचवं वर्ष आहे. दर जानेवारीत तांबवड्याहून फोन. साहेब, शिबिर किती दिवसांचं, साहेब, आमची मंडळी कधी येणार. पहिल्या वर्षी मला वाटलं, विस्तार विभागानं शिबिर काढलंय आणि मलाच सांगितलं नाही. आता एवढा मोठा अधिकारी मी, 'मला माहीत नाही' कसं म्हणणार? समोरचाच म्हणाला, आठ दिवसांचं ना? मी म्हणालो, आठ." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "विस्तार विभागाला विचारायचीही लाज वाटली. दर वर्षी वाटायचं, पुढच्या वर्षी तरी मला आमंत्रण देतील."

आम्ही दोघी कागदाकडे बघत होतो. एकमेकींकडे बघितलं असतं तर संपलंच असतं.

"कुठं आहे यंदा?" त्यांनी विचारलं. मग लगेच हात वर केला. "नको. शब्द दिलाय म्हणालात."

"त्या गटाचा अर्ज आला, सर, तर?" मी विचारलं.

"नियमात बसतो. मार्चच्या आत आणा, माझ्याच टेबलावर. घरच्यांची सही कुठं लागत नाही त्याला." त्यांनी चष्मा घातला, पेन्सिल उचलली, आणि त्या आलेखाशेजारी बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं. "फॅट का वाढते ते मात्र सांगा. हे मला खरंच हवंय."

मी पेंडीचं सांगितलं. पुरुषांनी धार काढायचं सांगितलं. चहा येईपर्यंत ते लिहून घेत होते.

शंभरापैकी अठ्ठावन्न मिळाले. 'निष्कर्षात संस्थेचे नाव नाही' म्हणून दहा कापले होते. आफ्रीन आठवडाभर कुरकुरली, पण पुढं तिला पुण्यात चांगली नोकरी लागली, आणि मुलाखतीत तिनं न आटणाऱ्या म्हशीचीच गोष्ट सांगितली, गाव न सांगता. जूनमध्ये रावळसाहेबांनी माझ्या खुर्चीला नवीन गादी करून दिली. मार्चमध्ये सत्त्याऐंशी नंबर गटाच्या नावावर झाला. अर्ज मी लिहिला, आक्काताईंनी पहिला अंगठा दिला. मालनताई तिथंच राहिल्या.

माझी फी म्हणून त्या काही देऊ लागल्या, तेव्हा मी नको म्हटलं. आक्काताई म्हणाल्या, "मग चल की बाई. वही तपासणारं मानूस गाडीत असलं तर बरंच हाय. औंदा काशी."

त्याला आता बारा वर्षं होतील. त्याच वर्षीच्या डिसेंबरात एका रविवारी मी ह्यांना चहा दिला. हे माध्यमिक शाळेतले गणिताचे मास्तर. साधा माणूस, पण आकडा चुकला की डोळे बारीक करणारा.

"जानेवारीत मी आठ दिवस नाही," मी म्हणाले. "शिबिर आहे."

"कसलं?"

"दुग्धव्यवसाय प्रशिक्षण."

ह्यांनी पेपर खाली घेतला. खिडकीतून बाहेर पाहिलं. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या गॅलरीत एक तुळस होती आणि एक वाळत घातलेला टॉवेल. ह्यांचे डोळे बारीक झाले, मग हळूहळू पुन्हा मोठे झाले. चहाचा एक घोट घेतला.

"चांगलं आहे," हे म्हणाले. "आणि मध्ये काही विचारायचं असलं, तर फोन कुणाला करायचा?"

मी पेपराच्या कोपऱ्यावर अथणेसाहेबांचा नंबर लिहून दिला.